शिक्षा
हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत अपराधाची सजा. अनुवाद करताना या शब्दापाशी मी दर वेळी थबकते आणि आयर्विन हायमन आठवतात. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले हे शालेय मानसशास्त्रज्ञ.

फ्लोरिडातल्या शाळेत लाकडी फळीने मार खाल्लेल्या मुलांच्या खटल्यात १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की क्रूर शिक्षेपासूनचं घटनात्मक संरक्षण गुन्हेगारांना आहे, शाळकरी मुलांना नाही. हायमन मात्र मुलांच्या मनावरचे वळ अभ्यासत राहिले, न्यायालयांत साक्ष देत राहिले. २००५ साली ते गेले. तिथल्या अनेक राज्यांत हा मार अजूनही कायदेशीर आहे.

आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने मार आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. पण मार खाल्लेलं मूल कलम वाचत नाही. त्याचं ऐकणारं माणूस शाळेतच असावं लागतं.