पपांचा फंड

पैशाविषयी उघड बोलणे आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांत जरा अप्रशस्तच. पण पपा निवृत्त झाले, प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती आली आणि वाद पेटला. "इंडेक्स फंडात घाला," मी म्हटले. पपांनी एवढेच विचारले, "त्यातल्या कंपन्या विकतात काय?" यादी काढली. निफ्टीच्या पन्नासांत सिगारेटवालीही निघाली! आमच्या थोरल्या काकांना फुप्फुसाच्या कर्करोगाने नेले. पपा म्हणाले, "त्या धुराचा नफा मला नको."

हा निव्वळ हट्ट नव्हे. शेजाऱ्याच्या देहाला अपाय करून धन मिळवू नये, असे जॉन वेस्लीने अठराव्या शतकातच बजावले होते. त्यात दारूचा धंदाही आला. (आमच्या लग्नांत ती वाहते, ते निराळे!) अमेरिकेत १९७१ साली, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, मेथॉडिस्ट चर्चमधल्या दोघांनी शस्त्रास्त्रांच्या कंपन्या वगळणारा पॅक्स वर्ल्ड फंड काढला.

शेवटी पपांनी रक्कम वसईच्या कॅथलिकांनी १९१८ साली स्थापलेल्या सहकारी बँकेत मुदत ठेवीत घातली. व्याज कमी; आई नाराज. बँक ते पैसे कोणाला कर्जाऊ देते, हे पपांनी विचारलेले नाही. मी विचारणार आहे.