जेवलास का?

मराठी माणूस दुसऱ्याची विचारपूस करतो ती 'कसा आहेस?' अशी नव्हे, 'जेवलास का?' अशी. हा प्रश्न म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचा दाखला, असे मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. त्याच प्रश्नाने आपले पोट बिघडवले आहे, हे मात्र चाळिशी उलटल्यावर कळले.

आम्ही राहतो सातपूरला. एके काळी त्र्यंबकच्या वाटेवरचे हे लहानसे गाव. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग इथे कारखाने आले. १९८२ साली गाव नाशिक महानगरपालिकेत गेले. आता इथली माणसे भूक लागली म्हणून जेवत नाहीत. पाळीची वेळ झाली म्हणून जेवतात. माझी पाळी कॉलेजच्या घंटेची! साडेसहाला पोहे, मधल्या सुटीत वडा, आणि अडीचला घरी पोचलो की आई पाने मांडून बसलेली. वडील गेल्यापासून तिच्या हाती स्वयंपाकघर तेवढे उरले आहे. 'अजून अर्धी पोळी' याला नको म्हणण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. आंबट ढेकरा, छातीत जळजळ, डोके जड. खिशात खडूच्या शेजारी गोळ्यांची पट्टी आली. गोळी घेतली की जळजळ थांबे आणि मी पुढच्या जेवणाला मोकळा!

अखेर पंचवटीतल्या एका वृद्ध वैद्यांकडे गेलो. त्यांनी प्रथम औषध दिलेच नाही. 'आधी डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून आणा. या वयात छातीतल्या जळजळीला नुसतं पित्त समजू नये.' आलेख निर्दोष निघाला. मग त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारले, 'प्राध्यापकसाहेब, तुम्हांला कडकडून भूक शेवटची कधी लागली होती?'

मला आठवेना! परीक्षेत एवढा सोपा प्रश्न यावा आणि उत्तरपत्रिका कोरी राहावी, तशी माझी गत झाली.

'भात अर्धा शिजला असताना पातेल्यात कच्चे तांदूळ टाकले तर काय होईल?' ते म्हणाले. 'पहिलं पचण्याआधी दुसरं खाणं, याला आम्ही अध्यशन म्हणतो.' शुद्ध ढेकर, अंगात हलकेपणा, उत्साह, भूक आणि तहान ही पहिले जेवण पचल्याची चिन्हे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक पाण्याने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, हे वाग्भटाचे माप. शिवाय माधवनिदानात अजीर्णाच्या कारणांत नुसते अन्न नाही. भय, क्रोध, मत्सर आहेत आणि झोपेची उलथापालथही आहे. रात्रपाळी करून दिवसा पडदे ओढून झोपणारा माझा शेजारी मला आठवला.

'मग हिंगाष्टक देता का?' मी विचारले. वडील जेवताना पहिल्या घासाला तुपातून ते घेत. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे, हिंग ही आठ नावे मला परवच्यासारखी पाठ होती.

वैद्य हसले. 'ते पोट फुगतं त्याला. त्या अजीर्णाला विष्टब्ध म्हणतात. तुमचं विदग्ध, आंबट पित्ताचं. जळत्या घरात मिरी कशाला टाकता?' मला त्यांनी दोन दिवस मुगाचे कढण सांगितले आणि रात्री भिजवलेल्या धण्यांचे पाणी सकाळी गाळून प्यायला सांगितले. धनत्रयोदशीला आपण धणे-गुळाचा नैवेद्य दाखवतो तो उगीच नव्हे, हे त्या दिवशी उमगले.

घरी सांगताच आईचा चेहरा उतरला. 'माझ्या हातचं बाधलं म्हण ना तुला!' ती कढण करून निमूट आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमारास पोटात काही तरी हलले. ओळखीचे, पण कित्येक वर्षांत न भेटलेले. मी स्वयंपाकघरात गेलो. 'आई, भूक लागली.'

तिने माझ्याकडे पाहिले. 'शाळेतून आलास की असंच म्हणायचास.'

ती वाटी आणायला वळली तेव्हा फळीवरचा वडिलांचा हिंगाष्टकाचा डबा मला दिसला. उघडून पाहिला. काठोकाठ भरलेला, वास ताजा!

'हे कोण घेतं?'

'मीच,' ती ओशाळून म्हणाली. 'मला बाराला भूक लागते. तुझी वाट पाहते, मग ती मरून जाते. नंतर जेवलं की पोट फुगतं.'

मला पुन्हा वैद्य आठवले. अडवू नयेत असे जे तेरा वेग चरकाने सांगितले, त्यांत भूक आहे. मी तिच्यासाठी भुकेवाचून जेवत होतो आणि ती माझ्यासाठी भूक मारत होती. एका घरात दोन तऱ्हांचे अजीर्ण नांदत होते, आणि दोघेही त्याला माया म्हणत होतो!

आता आई बाराला जेवते. सुरुवातीला तिला ते चोरी केल्यासारखे वाटे. यंदा फराळाचे ताट पुढे ठेवताना तिने 'घे ना!' म्हटले नाही. 'भूक लागलीय का रे?' एवढेच विचारले.

आणि मी दुपारी कॉलेजातून फोन करतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिला प्रश्न एकच असतो, 'आई, जेवलीस का?'