तिसऱ्या शिफ्टचा रविवार

आम्ही वेगळे राहू लागलो तेव्हा लेक सहा वर्षांची होती. मी तिला घेऊन चिखलीला आईवडिलांकडे आले. तिचे पप्पा चाकणच्या अलीकडे, कुरुळीत खोली घेऊन राहिले. लग्न पुण्यात लागलेलं, म्हणून अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात गेला. वेगळं व्हायचं याबद्दल वाद उरला नव्हता. पैशांचा आकडाही दोघांच्या वकिलांनी ओढूनताणून एका ठिकाणी आणला होता. अडलं ते मुलीवर. तोवरची सोय म्हणून ठरलं, की ती माझ्याकडे राहील आणि दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पप्पांकडे जाईल. कागदावर हे वाचून कुणीही रास्तच म्हटलं असतं.

पण आमच्या पट्ट्यात आठवडा शिफ्टवर चालतो. महाळुंगेच्या ज्या कारखान्यात ते लाईनवर होते तिथे एक आठवडा सकाळी सात ते साडेतीन, पुढचा साडेतीन ते रात्री बारा आणि तिसरा रात्री बारा ते सकाळी सात. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सुटते. कंपनीची बस तळेगाव चौकातल्या गर्दीतून वाट काढत त्यांना साडेआठला सोडणार, आणि दहाला माझे वडील लेकीला दारात उभी करणार. पप्पा तिला पोहे आणून द्यायचे, तासभर पत्ते खेळायचे, मग बसल्या जागी त्यांचे डोळे मिटायचे. बरं, रविवार तरी सगळ्यांचा कुठे असतो? भोसरीपासून चाकणपर्यंत कुणाची सुट्टी गुरुवारी असते, कुणाची शुक्रवारी. ऑर्डर जास्त असली की सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, लागतो, आणि ठेक्यावरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

मला हे कळत होतं, तरी रागाचं पारडं जड होतं. लेक बिस्किटांवर दिवस काढून आली की आई म्हणायची, "झोपायलाच हवं असेल तर पोरगी कशाला बोलवायची?" तिकडून सासूबाईंचा फोन यायचा, की पोरीला शिकवून पाठवता. आळंदी फाट्यापासून मोशीच्या पुलापर्यंत गाड्या अडकल्या की सहाचे साडेसात व्हायचे, आणि मला सांगितलेलं होतं, तारीख-वेळ टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तिकडेही तसंच टिपलं जात असणार. दोन वह्या भरत होत्या आणि दोन्हींत मुलगी किती वाजता आली-गेली एवढंच होतं. ती कशी आली, हे एकीतही नव्हतं.

१९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातलं नववं कलम न्यायालयावरच ही जबाबदारी टाकतं, की आधी समेटाचा, तडजोडीचा प्रयत्न करा. राज्यातलं पहिलं कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात सुरू झालं, म्हणजे तिथल्या समुपदेशकांनी आमच्यासारखी कितीतरी घरं पाहिली असणार. तरी मध्यस्थीचं नाव काढल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण एक बैठक आम्ही आधीच भोगली होती. जुन्नर तालुक्यातल्या लेकीच्या पप्पांच्या गावी मामा, काका, माजी सरपंच असे सगळे ओट्यावर बसले होते. कुणी काय बोललं, दागिने कुणाकडे, सून उलट का बोलते, यावर दुपार गेली. मुलगी आतल्या खोलीत होती. तिचं नावही निघालं नाही. निकाल एकच, जमवून घ्या.

न्यायालयातली मध्यस्थी तशी नव्हती. मध्यस्थ मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तुम्हाला परत एकत्र आणणं हे माझं काम नाही. लग्न का मोडलं हेही मला इथे ठरवायचं नाही. मग दोघांना कोरा कागद दिला आणि लेकीचा एक दिवस लिहायला सांगितला, उठल्यापासून झोपेपर्यंत. मी पानभर लिहिलं. त्यांचं पाच ओळींत संपलं आणि पेन खाली ठेवून ते म्हणाले, "मला तिच्या बाईंचं नाव माहीत नाही." मला वाटलं, हे आता माझ्या बाजूने मोजलं जाईल. मॅडमनी काहीच मोजलं नाही. त्यांनी शिफ्टचा तक्ता मागितला. इतक्या तारखांमध्ये तो पहिल्यांदा कुणीतरी मागितला होता.

त्या खोलीत बोललेलं बाहेर न्यायचं नसतं, कोर्टातही ते पुरावा म्हणून चालत नाही. २०२३च्या मध्यस्थी कायद्याने ही गुप्तता आता स्पष्ट लिहून ठेवली आहे. म्हणून इथे मी फक्त आमच्या घरापुरतं सांगते आहे, आणि हे तिच्या पप्पांनी वाचलेलं आहे.

समुपदेशक ताई लेकीशी वेगळ्या बसल्या. खेळणी, खडू, कागद होते. आई हवी की पप्पा, हा प्रश्न तिला विचारायचा नाही, हे आम्हालाही बजावलं होतं. नंतर, तिला विचारूनच, ताईंनी तिची दोन वाक्यं आमच्यापुढे ठेवली. "पप्पा झोपलेले असतात तेव्हा मी आवाज न करता बसते. ते जागे असतात तेव्हा मला पाठवा." कितीतरी महिने आम्ही दोघं ताबा, हक्क, आदेश हे शब्द एकमेकांवर फेकत होतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलीने दुखणं नेमकं दाखवलं. पुढचं सगळं त्या दोन वाक्यांवर उभं राहिलं.

कायदाही खरं तर तेच म्हणतो. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे असावं असं आहे, पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे. रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की मुलं ही आईवडिलांची मालमत्ता नव्हे. २०२०च्या यशिता साहू निकालात तर ज्या पालकाकडे ताबा नाही त्याच्याशी मुलाचं व्हिडिओ कॉलवर बोलणं व्हावं इथपर्यंत विचार आहे. पण साडेतीनला सुटणारा बाप भोसरीच्या शाळेच्या दारात किती वाजता पोहोचेल, हे कुठला निकाल सांगणार? ते आम्हालाच बसून मांडायचं होतं.

मांडणी अशी झाली. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी तिच्या क्लासवरून पप्पा तिला घेणार, जेवू घालून आठला सोडणार. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ त्यांच्या हातात नसते, सकाळ असते, तर शाळेत सोडायचं काम त्यांचं. वेणी घालायला ते त्याच महिन्यात शिकले. रात्रपाळीच्या आठवड्यात मुक्काम नाही, दिवसाची भेटही नाही, फक्त ड्यूटीला निघण्याआधी रात्री व्हिडिओ कॉल. त्याऐवजी पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून पूर्ण सुट्टीचा दिवस आणि रात्र, मग वार कुठलाही असो. तक्ता लागला की त्याचा फोटो मला यायचा. ओटी लागला तर तो वेळ पुढच्या पंधरवड्यात भरून द्यायचा, आणि दोनदा विचारूनही नाही भरला तर तो गेला. देणंघेणं आमच्या गेटवर होणार नाही. शक्यतो शाळा किंवा क्लासच्या दारात, म्हणजे दोन्हीकडच्या आज्ज्या समोरासमोर येणार नाहीत.

खंडेनवमीवर मी अडून बसले होते. नवरात्रात माझ्या माहेरी कुळाचार असतो, लेक घरात हवी. पण आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होते, झेंडूची माळ, रांगोळी, आणि कितीतरी ठिकाणी कामगारांच्या घरच्यांना त्या दिवशी आत येऊ देतात. वर्षातून त्या एकाच दिवशी मुलांना कळतं, आपला बाप रोज जातो तिथे काय आहे. ते म्हणाले, "बाकी सण तू घे, हा एक दे." मी दिला. त्या वर्षी लेक घरी येऊन आठ दिवस माझ्या वडिलांना टॉर्क रेंच काय असतो हे समजावत होती.

त्याहून कठीण होती गावची यात्रा. मे महिन्यात तिला जुन्नरला न्यायचं म्हटल्यावर मला रात्र रात्र झोप लागेना. तिकडे ठेवूनच घेतली तर? ही भीती मी बोलून दाखवली आणि कुणीही ती हसण्यावारी नेली नाही. परतीची तारीख लिहिली, रोज रात्री आठला फोन लिहिला, तिच्या औषधाची चिठ्ठी सोबत. आज्जीला नात भेटणं हेही नातीच्याच वाट्याचं आहे, हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं.

एका कलमाबद्दल मी मध्यस्थ मॅडमची कायमची ऋणी आहे. पैसे आणि भेटी एकमेकांना बांधायच्या नाहीत. पुढच्याच वर्षी लेकीच्या पप्पांना ठेकेदाराने ब्रेक दिला. दोन-तीन महिने घरी बसले, पैसे थांबले. माझ्या घरचे म्हणाले, आता पाठवू नको. मी कागद काढून वाचला आणि लेकीला क्लासच्या दारात सोडून आले. त्या महिन्यांत त्यांच्याकडे वेळ होता, बर्ड व्हॅली आणि सायन्स पार्क दोघांनी पालथं घातलं. थकलेले पैसे नंतर हप्त्याने आले.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. आमच्यात मारहाण नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी अशा बायका बसलेल्या असायच्या, ज्यांना त्या माणसाच्या नुसत्या आवाजाने घाम फुटायचा. त्यांना कुणी नातेवाईक सांगत, मध्यस्थीला बसा, मुलांसाठी बसा. घाबरलेली बाई टेबलाशी बसून काय मागणार? ती फक्त सुटका मागेल आणि बाकी सगळं देऊन टाकेल. तिने ही भीती तोंडाने सांगायला हवी आणि मध्यस्थाने ती आधी ऐकायला हवी. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, तिचा रस्ता आधी तो. आणि वकिलाची फी नाही म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आमच्या अटी न्यायालयाने आदेशात घेतल्या. तेव्हा मेट्रो पिंपरीहून थेट जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत येऊ लागली होती, ऑगस्ट २०२३ पासून. आम्ही तिघं एकाच गाडीने परतलो. लेकीने खिडकी मागितली, पप्पांनी दिली.

मुलांबाबतचा आदेश दगडावरची रेघ नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखाली तो बदलून मागता येतो, आणि दोघांचं एकमत असेल तर त्यासाठी भांडावं लागत नाही. या जूनपासून लेकीची शाळा दुपारच्या सत्रात जाते आहे. म्हणजे पहिल्या शिफ्टच्या संध्याकाळी जवळजवळ गेल्या, पण दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सबंध सकाळ मोकळी झाली. अकरापर्यंत ती त्यांच्याकडे राहील, गणित ते घेतील, मराठी मी. बरंचसं फोनवरच जुळलं. शुक्रवार तेवढा अडला आहे. त्या दिवशी तिला कबड्डीला जायचंय, आणि तो वेळ दोघांपैकी कुणाच्या वाट्यातून जाणार हे ठरवायला आम्ही पुढच्या आठवड्यात बसतोय. या वेळी तीही बसणार आहे.