सव्वानऊ ते साडेतीन

शेअर बाजाराची वेळ ज्या कोणी ठरवली, त्याच्या सात पिढ्यांत एकही नोकरदार माणूस झाला नसावा. सकाळी सव्वानऊला उघडायचा आणि दुपारी साडेतीनला मिटायचा! अहो, नेमक्या याच वेळात देशातला झाडून सगळा कारकून हजेरीपटावर सही करून खुर्चीला चिकटलेला असतो. पूर्वी निदान थोडी माणुसकी होती. बाजार नऊ पंचावन्नला उघडायचा, म्हणजे आमची बँक आणि तो साधारण बरोबरच डोळे चोळत उठायचे. ४ जानेवारी २०१० ला त्यांनी ती वेळ एकदम नऊवर आणली, त्याच वर्षी ऑक्टोबरात ती सव्वानऊवर स्थिरावली, आणि नोकरदाराच्या आंघोळीवर गदा आली ती आजतागायत.

तुम्ही म्हणाल, घाटनांदूरच्या बँकेतल्या कारकुनाला ही उठाठेव कशाला? परळीहून लातूर रोडला जाणाऱ्या लोहमार्गावरचं आमचं गाव. इथे पूर्वी माणसं एकमेकांना भेटली की "गाडी किती लेट?" असं विचारायची. आता "निफ्टी किती वर?" असं विचारतात. दोन्हींचं खरं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं, पण गप्पा होतात.

हा जो रोजचा धंदा आहे, म्हणजे सकाळी घेतलेला शेअर दिवस मावळायच्या आत विकून मोकळं व्हायचं, त्याला इंट्राडे म्हणतात. आमच्या आठवडी बाजारातल्या कोथिंबीरवाल्या मावशी हा धंदा माझ्या जन्माआधीपासून करत आल्या आहेत. सकाळी वीस रुपयांची जुडी, दुपारी पंधराला, आणि दिवेलागणीला "घ्या हो सायेब, पाचला दोन." माल घरी न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. फरक इतकाच की मावशी पाटीसमोर दिवसभर बसून असतात. पाटी बाजारात ठेवून बँकेत नोकरीला जात नाहीत.

आमच्या शाखेतला धाकटा कारकून मात्र नेमकं हेच करतो. हुशार पोरगं आहे. अंबाजोगाईहून रोज एस.टी.ने येतं. सव्वानऊला ते गाडीत असतं. गाडी वळणावर गेली की रेंज जाते, आणि ती परत येईपर्यंत शेअर कुठल्या कुठे गेलेला असतो. दहाला कॅश सुरू. मग दर वीस मिनिटांनी "सर, आलोच" म्हणून ते मागल्या बाजूला जातं. हा प्रकार महिनाभर बघून आमचे शिपाईमामा एक दिवस हळहळून मला म्हणाले, "सायेब, लेकराला साखर झालीय बघा. सारखं जाया लागलंय." मामांनी स्वतः त्याला कारल्याचा रस आणून दिला. मॅनेजरसाहेबांनी तपासणीसाठी रजा देऊ केली. पोरगं रस प्यालं, पण खरं बोललं नाही. रजा मात्र आनंदाने घेतली आणि तो अख्खा दिवस बाजारात काढला.

त्याचं म्हणणं असं की त्याला वेळ फार लागतच नाही. "सर, दिवसातला एक तास निवांत मिळाला तरी पुरे." मी म्हटलं, घे की मग, दुपारी साडेबारा ते दीड काउंटर रिकामंच असतं. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला आषाढात लग्नाचा मुहूर्त सुचवला. बाजाराची खरी उलाढाल पहिल्या तासात आणि शेवटच्या तासात. मधली दुपार बाजार आमच्या गावासारखाच पेंगत असतो. म्हणजे योग बघा! बाजार उसळतो तेव्हा इकडे तिजोरी उघडायची घाई, आणि बाजार परत खवळतो तेव्हा इकडे रोकड जुळवायची घाई. साडेतीनच्या दहा-वीस मिनिटं आधी दलालाकडचं यंत्र उघडे राहिलेले सौदे आपोआप मिटवून टाकतं. त्याच वेळी आमचा धाकटा पाचशेच्या नोटा मोजत असतो. एकदा तेच बंडल तो तिसऱ्यांदा मोजत होता. समोर निराधार योजनेचे पैसे न्यायला आलेली एक म्हातारी उभी. ती शेवटी म्हणाली, "लेकरा, आता जरा मह्याकडं बी बघ की." तो दचकला. मला ते फार लागलं. म्हातारी सकाळपासून उपाशी उभी होती.

मी स्वतः बी.कॉम. असल्यामुळे कोणत्याही गोष्टीत उतरण्याआधी वही घालतो. एकवीस दिवस मी वहीवरच सौदे केले. एक पैसाही न लावता! स्वतःचे दहा हजार धरले. त्यावर दलाल पाचपटीपर्यंत व्यवहार करू देतो, म्हणून एका वेळी पन्नास हजारांची खरेदी धरली. रोज पाच सौदे. महिनाअखेरीस ढोबळ नफा निघाला तीन हजार नऊशे. सौभाग्यवतींना दाखवला. त्यांनी लगेच मिक्सरचं नाव काढलं. मग मी खर्चाची बाजू मांडायला घेतली. दोन्ही वेळची दलाली, विकताना लागणारा व्यवहार कर, एक्स्चेंजचं शुल्क, मुद्रांक आणि वर जीएसटी. पन्नास हजारांच्या एका फेरीला साधारण त्रेपन्न रुपये. एकशे पाच फेऱ्यांचे झाले पाच हजार पाचशे पासष्ट. म्हणजे दहा हजारांचं भांडवल, त्यातलं निम्म्याहून अधिक महिन्याभरात नुसत्या जा-ये करण्यात संपलं. एस.टी.चा पाससुद्धा इतका महाग नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तोटा झाला तो कोणत्या डब्यातून दिलात?" वहीतला तोटा वहीतच राहतो हे त्यांना पटवायला दोन दिवस लागले. मिक्सर अजून जुनाच आहे.

माझी वही खोटी म्हणावी, तर सेबीची वही बघा. जुलै २०२४ मध्ये त्यांनी २०२२-२३ सालचा हिशेब प्रसिद्ध केला. शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहांतले सात जण तोट्यात. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत ऐंशी टक्के तोट्यात. म्हणजे मेहनत वाढवली की तोटा वाढतो, असा हा एकमेव व्यवसाय! आणि ज्यांना तोटा झाला त्यांनी त्या तोट्याच्या वर आणखी सत्तावन्न टक्के रक्कम खर्चापोटी घातली. या मंडळींत तिशीच्या आतले अठ्ठेचाळीस टक्के. चार वर्षांपूर्वी तेच अठरा टक्के होते. मी हे कागद धाकट्याला दाखवले. तो म्हणाला, "सर, उरलेल्या तिघांत मी आहे." सातही जण हेच म्हणत असणार.

एकदा मी बोलण्याच्या ओघात मटक्याचं नाव काढलं तर तो रागावला. पण नातं जवळचं आहे, त्याला मी काय करू? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव मुंबईला यायचे, त्यावर लोक पैजा लावायचे. १९६१ साली ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. तेव्हापासून 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द खेड्यापाड्यात पोचलेले आहेत. आमच्या शिपाईमामांना इंग्रजीचे हे दोनच शब्द येतात. धाकटा म्हणाला, "सर, मटक्याला चार्ट नसतो." मामा ऐकत होते. ते म्हणाले, "नसायला काय झालं? आमच्या मेव्हण्याकडं धा वर्षांचा व्हता."

दिवसा जमत नसेल तर रात्री करा, असंही सांगणारे आहेत. सोनं, चांदी, कच्चं तेल यांचे वायदे रात्री साडेअकरापर्यंत चालतात, अमेरिकेचं घड्याळ बदललं की अकरा पंचावन्नपर्यंत. आमचे एक स्नेही केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत (खातं सांगत नाही, अंगाला डिंकाचा वास येतो एवढंच). रात्री जेवल्यावर ते कच्च्या तेलाला बसतात, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो की गोडंतेल संपलंय. त्यांना मी १९६४ च्या वर्तणूक नियमांतला सोळावा नियम वाचून दाखवला. सरकारी नोकराने सट्टा करू नये, आणि शेअरची वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच समजला जाईल. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. म्हणाले, "यात 'वारंवार' आहे. मी तर रोज करतो."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पासबुक छापायचं यंत्र माझ्या टेबलाजवळ आहे. परवा एका खातेदाराची मंडळी आली. गृहस्थ चांगल्या नोकरीत आहेत, खातं दोघांच्या नावावर. यंत्र सुरू झालं ते थांबेचना. एक पान, दोन पानं, चार पानं. दोन हजार गेले, पाच हजार गेले, तीन हजार गेले, सगळे एकाच दलालाकडे. पगार पहिल्या तारखेला येत होता आणि दहा तारखेपर्यंत ओसरत होता. त्या बाईंनी बोटाने ओळी मोजल्या. मग विचारलं, "भाऊ, यातलं परत आलेलं कोणतं?" मी दाखवलं. दोन ओळी होत्या.

त्या रडल्या नाहीत. भांडायलाही माझ्याकडे आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मपली सही लागल्याबिगर पैसे जायचे नाहीत, असं काही असतं का?" असतं. 'दोघांपैकी कोणीही' असं खातं 'दोघांनी मिळून' असं करता येतं. मग मोबाईलवरून पैसे सहसा हलत नाहीत, आणि चेकवर दोन सह्या लागतात. अर्जावर मात्र दोघांची सही हवी. मी अर्ज दिला. घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण चौथ्या दिवशी दोघं आले. साडेबाराला, बाजार पेंगत असतो त्या वेळी. गृहस्थांनी सही केली. मग काउंटरवर वाकून मला हळूच म्हणाले, "साहेब, लगेच करू नका हो. आज एक सौदा उघडा आहे."

बाईंनी ऐकलं. पिशवी मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसल्या. "मिटवा म्हणावं त्यांना," त्या मला म्हणाल्या, "मी बसते हितं."

तीन वाजता मामांनी त्यांना चहा आणून दिला.