डोळखांब ते लंडन

शहापूर तालुक्यातील डोळखांब हे गाव आजोबा पर्वताच्या वाटेवर आहे. या पर्वतावर वाल्मीकींचा आश्रम होता व लव-कुश तेथेच वाढले, अशी परिसरातील लोकांची श्रद्धा आहे. वाल्मीकींनाच ते आपुलकीने ‘आजोबा’ म्हणतात. शहापूरपर्यंत एस.टी. आणि पुढे आसनगावहून लोकल, एवढ्यावर येथील प्रवासाचा हिशेब वर्षानुवर्षे भागत आला. अशा गावातील एखाद्या घरचा मुलगा लंडनला नोकरीस लागला, की वृद्ध आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती लांब?’ उत्तर मिळते, ‘विमानाने दहा तास.’ उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान या मार्गावर प्रथम निघाले, तेव्हा त्याला कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले होते. आज न थांबता जाता येते. जाताना लागतो त्याहून येताना वेळ सहसा कमी लागतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना आडवे येतात आणि येताना पाठीशी असतात. त्यातच एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा विशेषतः उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे तास वाढले.

परंतु रात्री अचानक घरून दूरध्वनी गेला, तर त्या दहा तासांना काय अर्थ? आधी तिकीट मिळाले पाहिजे. विमानतळावर तीन तास अगोदर हजर राहावे लागते. मुंबईत उतरल्यावर तपासणी व सामान यांत वेळ जातो. त्यानंतर ठाणे, भिवंडी वळणमार्ग, पडघा, वासिंद, शहापूर असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता राहतो, आणि त्यावर वाहनांची कोंडी असली तर तासांचा नेम नाही. सारे सुरळीत झाले तरी घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत अठरा-वीस तास सहज होतात. अंत्यदर्शनासाठी थांबायचे की नाही, हा निर्णय आप्तांना याच आकड्यावर घ्यावा लागतो. तिकिटावरील आकडा तेथे उपयोगाचा नाही.

चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांपुढे आणखी एक प्रश्न असतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. उन्हाळ्यात दुपारी मुंबईहून निघालेले विमान लंडनला उतरते, तेव्हाही तेथे ऊन असते. मात्र डिसेंबरात तेथे चारच्या आतच सूर्य मावळतो. येताना उलट. हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास लंडनहून निघाल्यास चार-पाच तासांतच खिडकीबाहेर अंधार होतो. घड्याळ मुंबईचे धरावे की लंडनचे, हा वाद येथे निरर्थक ठरतो. खिडकीतून दिसणारा सूर्य पाहणे हेच सोपे. जैन भोजनाची मागणी विमान कंपनीकडे आगाऊ नोंदवता येते, पण ते केव्हा वाढायचे हे विमानातील कर्मचारी ठरवतात. म्हणून परतीच्या प्रवासात खाकऱ्याचा डबा हाताशी ठेवावा आणि बसल्याबरोबर सेविकेला सूर्यास्ताची अडचण सांगून ठेवावी.