उणं आपणच काढावं

देवास

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

ताई परवा धारहून आली तेव्हा कळलं, की चीफ ऑफिसर झाल्यावरचं पहिलंच बाहेरचं आयएसएम ऑडिट तुझ्यापुढे आहे आणि तू रात्री जागून फायली लावतोयस. माळव्यातल्या पोराला जहाजातलं काय कळणार, असं अजून कुणी म्हणत असेल तर त्याला आपल्या धारच्या भोजराजाचं नाव सांग. ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे आणि त्यात नौकांचे प्रकार मापांसकट दिलेत. सामान्य वर्गातल्या दहा नौका सांगून ग्रंथकार पुढे बजावतो की यांतल्या भीमा, भया आणि गर्भरा अशुभ. मापांच्या प्रमाणामुळे त्या पाण्यावर स्थिर राहत नसाव्यात, असा तर्क इतिहासकार राधाकुमुद मुखर्जींनी १९१२च्या ‘इंडियन शिपिंग’मध्ये केला. शुभाशुभाचं सोड, पण स्वतःच्या यादीतलं उणं स्वतःच सांगणारा हा माणूस मला आवडतो. ऑडिटबद्दल मला तुला तेच सांगायचंय.

जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा हा आयएसएम कोड का आला, ते तू परीक्षेपुरतं वाचलं असशील. ६ मार्च १९८७ला झेब्रुगहून डोव्हरला निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचं दार उघडं ठेवूनच सुटली आणि बंदराबाहेर पडताच कलंडली. १९३ माणसं गेली. दार लावणारा असिस्टंट बोसन केबिनमध्ये झोपला होता, हे खरं. पण दार लागलं की नाही ते दाखवणारा दिवाच ब्रिजवर नव्हता. तो बसवा, असं त्या कंपनीच्या कॅप्टनांनी आधी सुचवलं होतं, ऑफिसनं मनावर घेतलं नव्हतं. त्यात रीत अशी, की कुणी काही वाईट कळवलं नाही तर सगळं ठीक समजायचं. चौकशीत दोष थेट कंपनीच्या वरच्या मंडळींपर्यंत पोचला. पुढे १९९३मध्ये आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, कोड स्वीकारला. १ जुलै १९९८पासून तो प्रवासी जहाजं, टँकर आणि बल्क कॅरिअरना लागू झाला, २००२पासून बाकीच्या मालवाहू जहाजांनाही. डीपीएला, म्हणजे कंपनीनं किनाऱ्यावर नेमलेल्या माणसाला, थेट वरिष्ठांपर्यंत जाता येतं, तेही याच अनुभवातून.

म्हणजे गप्प राहण्याची रीत मोडायला कोड आला. आणि ऑडिट जवळ आलं की आपण तीच रीत परत आणतो. चेकलिस्टवर सगळ्या टिका एकाच पेनाच्या, आणि नियर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची, फाइल कोरी. मुरलेल्या ऑडिटरला पहिला संशय येतो तो अशाच जहाजाचा.

रेस्ट अवर्सचंच घे. २४ तासांत किमान १०, सात दिवसांत ७७. बंदरात कार्गो चालू असतानाही सगळ्यांचे तास चोख बसलेले दिसले, की ऑडिटर कार्गो लॉग शेजारी ठेवतो. पंपमन झोपलेला असताना व्हॉल्व्ह कुणी उघडला? तू फायलींसाठी जागतोयस त्या रात्रीही तुझ्या तक्त्यात झोपच लागत असेल! तास मोडले असतील तर मोडले असं लिही, कारण लिही, कॅप्टनमार्फत ऑफिसला कळव.

मागच्या ऑडिटच्या एनसी, म्हणजे नोंदवलेल्या त्रुटी, पुन्हा काढून बघ. कागदावर बंद झालेली गोष्ट डेकवर खरोखर सुधारली का? ड्रिल फोटोपुरती नको. बंद टाकीतून माणूस बाहेर काढायची ड्रिल दोन महिन्यांनी येते. त्यात स्ट्रेचर खरंच मॅनहोलमधून जातो का, ते बघ. इमर्जन्सी फायर पंप थर्ड इंजिनिअर चालू करीलच, तू तो ऑइलरकडून चालू करून घे.

माणसांकडून उत्तरं पाठ करून घेऊ नकोस. ऑडिटर मेसमनला गाठून विचारणार, आग दिसली तर काय करशील? त्यानं मॅन्युअलची वाक्यं म्हणण्यापेक्षा अलार्मचं बटण दाखवावं. बोसन कोकणातला असेल तर त्याच्याशी मराठीतच बोल, म्हणजे कुठली विंच दगा देते ते मोकळेपणानं सांगेल. ते ऐकलंस की लिहून ठेव, स्पेअर मागव, मागवल्याची तारीख लिही.

तू म्हणशील, आपणच आपली लक्तरं का दाखवायची? आपण शोधून दुरुस्तीला लावलेलं उणं हाच व्यवस्था चालू असल्याचा पुरावा असतो. साध्या एनसीला दुरुस्तीसाठी मुदत मिळते. लपवलेलं उणं मात्र मेजर ठरू शकतं, आणि मग तो मेजरचा दर्जा खाली आणल्याशिवाय जहाज सुटत नाही. काही ऑफिसांत एनसी मोजून अधिकाऱ्याला जोखतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून कॅप्टनशी आधी बोल, त्यांची सही घे, एकट्यानं शूरपणा करू नकोस.

रिपोर्ट आला की कळव. एकही एनसी नसली तर अभिनंदन करीनच, पण पाठोपाठ विचारीन, नियर मिस किती लिहिलेस? तिथेही शून्य असेल तर पेढे तूर्त राहू देत.

ताईला फोन कर, आणि आज रात्री नीट झोप.

तुझा,
मामा