सारसोळ्याचा सारमेय

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे त्यात काशी, बदरीनारायण, निदान महाबळेश्वर तरी असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. आमचा प्रवास मात्र पुण्याहून सारसोळ्यापर्यंतचा. पनवेलपर्यंत आगगाडी, तेथून लोकलने नेरूळ आणि पुढे रिक्षा, इतकाच. परंतु गेल्या पावसाळ्यात त्या गावी आमचा अडीच महिने मुक्काम झाला, आणि सारा जन्म दुसऱ्यांची मुले शिकविण्यात गेल्यामुळे जो एक धडा आमचा स्वतःचाच राहून गेला होता, तो आम्ही तेथे शिकलो. शिकविणारा गुरू चार पायांचा होता.

सारसोळे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. आज ते नेरूळच्या पोटात आहे. मुंबईची गर्दी हलकी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले, त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको ही संस्था स्थापन झाली, आणि ३४४ चौरस किलोमीटरांच्या त्या योजनेत ९५ गावांची शेते, खाजणे व मिठागरे आली. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये महानगरपालिका झाली, त्याच वर्षी आगगाडी वाशीस आली आणि पुढल्या वर्षी नेरूळास. जमिनी गेल्या, गावठाणे मात्र जागच्या जागी राहिली. म्हणून आजही रुंद व सरळ रस्त्यावरून चालता चालता एका वळणासरशी आपण अशा गल्लीत शिरतो की, समोरून छत्री आली तर आपली छत्री मिटावी लागते. ओट्यावर जाळ्यांचे ढीग, दोरीवर वाळत घातलेले सुके बोंबील, आणि घराघरांतून येणारा खाडीचा वास. आमच्यासारख्या वरणभाताच्या नाकाला तो प्रथम जड गेला, हे कबूल केले पाहिजे. आठ दिवसांत तो येईनासा झाला. वास गेला नव्हता. नाक शहाणे झाले होते.

गावाच्या नावाचा अर्थ काय असावा, असा विचार आमच्या मास्तरी डोक्यात येणारच. ‘सारसांची ओळ’ अशी व्युत्पत्ती आम्ही मनाशी लावून ठेवली. तिला आधार काही नाही, केवळ हौस आहे. पण हिवाळ्यात या ठाणे खाडीवर रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात हे खरे. २०१५ मध्ये खाडीच्या एका भागास त्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळींच्या जागतिक यादीत त्यास स्थान मिळाले. आम्ही गेलो तो ज्येष्ठ महिना. तेव्हा रोहित पक्षी नव्हते. तिवरांचे हिरवे रान, त्याच्या मुळांशी चिखल, आणि पाम बीच मार्ग ओलांडून पलीकडे गेले की कोळ्यांचा धक्का व होड्या, इतकेच दिसे.

याच धक्क्यावर आमच्या आठ वर्षांच्या नातवास, आम्ही पोहोचण्याच्या चार दिवस आधी, कुत्र्याचे एक पिल्लू सापडले होते. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. पशुवैद्यांनी त्याचे वय तीन महिने ठरविले व लशी टोचल्या. नातू आमच्यापाशी येऊन म्हणाला, “आजोबा, तुम्ही याचे नाव ठेवा.” त्या दिवसांत रात्री आम्ही त्यास महाभारतातील आदिपर्व वाचून दाखवीत होतो. त्यात आरंभीच देवांची कुत्री सरमा व तिचा पुत्र सारमेय यांची कथा आहे. जनमेजय राजा भावांसह कुरुक्षेत्री सत्र करीत बसला असता ते पिल्लू तेथे आले. राजाच्या भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. “तू काही अपराध केला असशील,” असे आई म्हणाली, तेव्हा ते म्हणाले की, आपण हविर्द्रव्याकडे पाहिले नाही की त्यास जीभ लावली नाही. सरमेने यज्ञमंडपात जाऊन जाब विचारला. कोणाच्याने उत्तर देववले नाही. तेव्हा तिने शाप दिला की, ज्याची कल्पनाही नाही असे भय तुमच्यावर येईल. ही गोष्ट नातवास फार आवडली, आणि पिल्लाचे नाव सारमेय पडले. दोन दिवसांत त्याचा ‘सारू’ झाला, ते निराळे.

आता गोधडीविषयी. सूनबाईंना सातवा महिना होता. आमच्या मातोश्रींची दोन इरकली लुगडी सौभाग्यवतींनी वीस वर्षे ट्रंकेत जपून ठेविली होती. त्यांची गोधडी बाळ-बाळंतिणीसाठी शिवावयाची, हा त्यांचा संकल्प. नव्या जिवास जुन्या वस्त्राचाच पहिला स्पर्श व्हावा, ही आपल्याकडील रीत केवळ भोळेपणाची नाही. शेकडो धुण्यांनी कापडातील खळ निघून गेलेली असते व सूत मऊ झालेले असते. उबेचे कारणही साधे आहे: एकावर एक घातलेल्या थरांमध्ये हवा अडकून राहते. आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो तिला संस्कृतात कन्था म्हणतात. बंगालात तो शब्द आजही जिवंत आहे. बिहारात सुजनी, सिंध-कच्छाकडे रल्ली. गाडगे महाराजांना तर त्यांच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून लोक गोधडेबुवाच म्हणत.

शिवण्याची कृती अशी. खाली अस्तर ताणून पसरावयाचे, त्यावर जुनी धोतरे व चादरी, आणि सर्वांत वर लुगड्याचे तुकडे. कोपऱ्यांवर वजन ठेवून प्रथम मोठे कच्चे टाके घालावयाचे, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून आत आत धावदोरा चालतो, ओळीमागून ओळ, थेट मध्यापर्यंत. या कामास दोन गोष्टी लागतात: मोकळी जमीन आणि स्वस्थ चित्त. सारूने दोन्ही नाहीशा केल्या.

पहिल्या दिवशी त्याने धोतराचा थर दातांत धरून दिवाणाखाली नेला. दुसऱ्या दिवशी दोऱ्याचे रीळ तीन खोल्यांतून फिरवून आणले. तिसऱ्या दिवशी काही केले नाही. केवळ गोधडीच्या बरोबर मध्यावर निजला, आणि उठताना ती जागा ओली करून गेला. “या घरात एक तर गोधडी होईल, नाही तर कुत्रा राहील,” असा निकाल आम्ही दिला. सौभाग्यवती हसून म्हणाल्या, “अहो, मी तीन मुले सांभाळून शिवण केले आहे. हे चौथे.”

त्यांनी जी व्यवस्था लाविली ती लिहून ठेवण्याजोगी आहे. तीन ते सात महिन्यांच्या काळात पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चावते. तो दुष्टपणा नव्हे. तेव्हा जुन्या पंचाला गाठी मारून, तो पाण्यात भिजवून गार केलेला, त्यास चावावयास मिळू लागला. तुकडा तोडून गिळू नये म्हणून पंचा झिजताच बदलावयाचा. या वयाचे पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपते. खाऊन, बाहेर जाऊन, थोडे खेळून आले की हमखास. म्हणून त्याचा क्रम आधी आणि शिवण मागून. दुपारी एक ते तीन, तो निजला की गोधडी पसरावयाची. तो उठण्यापूर्वी गुंडाळून कपाटावर. आणि शेवटचा नियम: सुया पाच. काढताना मोजावयाच्या, ठेवताना मोजावयाच्या. रोज हातभर ओळी होऊ लागल्या. शेजारच्या ओट्यावर एक वृद्ध कोळीणबाई पावसाळ्याच्या दिवसांत जाळ्याची फाटलेली घरे सांधीत बसत. त्यांच्या व आमच्या सौभाग्यवतींच्या कामाची गती एकच. दोघींपैकी कोणी घाई करताना आम्ही पाहिले नाही.

आषाढातील एका संध्याकाळी, पाऊस कोसळत असता, सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, सुया चारच भरतात.”

“नीट मोजा.”

“तीनदा मोजल्या. पाचवी नाही.”

सारू दिवाणाखालून बाहेर आला. त्याच्या ओठाला तांबड्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता. एवढा पुरावा आम्हास पुरला. “यानेच नेली!” म्हणून आम्ही कोपऱ्यातील छत्री उचलली व त्याच्या पाठीत एक तडाखा दिला. नातू ओरडला, “आजोबा, त्याने नाही घेतली!” “तुला काय ठाऊक?” असे आम्ही त्यावर खेकसतो आहो तोच, चिरंजीव कामावरून येऊन दार उघडीत होते, त्यांच्या पायांमधून ते पिल्लू पावसात निघून गेले.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे वर्णन करणे आम्हास कठीण जाते. सूनबाई घाबऱ्या होऊन म्हणाल्या, “बाबा, त्याने सुई गिळली असेल तर आतडे फाटेल हो!” तोवर आमच्या मनात सुई हरवली एवढेच होते, ती त्याच्या पोटात असेल तर त्याचे काय होईल, हा विचार शिवला नव्हता. चिरंजीव एका गल्लीने गेले, आम्ही दुसऱ्या. गुडघ्याखाली पाणी, डोळ्यांवर चष्मा असून नसल्यासारखा, आणि पाम बीच मार्गावरून भरधाव जाणाऱ्या मोटारींचा आवाज. तिकडे तर गेला नसेल? ज्या छत्रीने मारले तीच डोक्यावर धरून आम्ही हाका मारीत होतो.

शेवटी त्या कोळीणबाईंच्या ओट्यावरून आवाज आला. “मास्तर, कोनाला शोधता? तुमचा पोरगा हितं हाय.” जाळ्यांच्या ढिगात, ताडपत्रीखाली, सारू अंगाचे वेटोळे करून बसला होता. आम्हास पाहताच तो आणखी आत सरकला. बाई आमच्याकडे बघत राहिल्या व म्हणाल्या, “मारलंत का त्याला? पोर हाय तो. त्याला काय कलतंय!” पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणा अधिकाऱ्यापुढे आमची मान इतकी खाली गेली नव्हती.

त्यास उपरण्यात गुंडाळून आम्ही नेरूळात पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी प्रथम जबडा उघडून जिभेखाली पाहिले. सुईत दोरा असला तर तो जिभेच्या मुळाशी अडकतो व सुई पुढे आतड्यात जाते, असे त्यांनी सांगितले. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तरी घरी कधीही ओढू नये. आत तो करवतीसारखा कापतो. तत्काळ वैद्याकडेच न्यावे. ही माहिती वाचकांनी ध्यानात ठेवावी म्हणून येथे दिली आहे. मग क्ष-किरणांचे चित्र घेण्यास सारूला आत नेले. बाहेरच्या बाकावर आम्ही व नातू. नातू आमच्याशी बोलत नव्हता. पुष्कळ वेळाने त्याने विचारले, “आजोबा, आता तुम्हाला शाप लागेल का?” आम्हास उत्तर देववले नाही.

चित्रात सुई नव्हती. पोट स्वच्छ होते.

रात्री घरी आल्यावर नातवाची समजूत घालावी म्हणून आम्ही आदिपर्व काढले. दोन दिवस वाचन झाले नव्हते. पुस्तक उघडताच पाने मोकळी न होता जरा अडली. पुठ्ठ्याच्या सांध्यात, आमच्याच हाताने सुटलेली पाने शिवून झाल्यावर खोचून ठेवलेली, पाचवी सुई चकाकत होती. त्या दुपारीच, सौभाग्यवतींचा डोळा लागला असता, आम्ही ती न विचारता डब्यातून घेतली होती आणि पाने शिवून होताच साफ विसरलो होतो. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते. दोऱ्याचा तुकडा जमिनीवर पडला होता, तो त्याने चाटला, इतकाच त्याचा अपराध.

सुई लपवून डब्यात टाकण्याचा मोह आम्हास झाला, हेही सांगून टाकतो. परंतु नातू समोर बसला होता. आम्ही सर्वांना हाक मारली व सुई दाखविली. कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी ती घेऊन डब्यात ठेवली आणि मोठ्याने मोजले, “पाच.” मग आम्ही सारूपाशी जमिनीवर बसलो. तो प्रथम आला नाही. बऱ्याच वेळाने आला व आमच्या हाताचा वास घेऊन तेथेच निजला. शाप लागेल का, या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आम्ही दिले: “बाळ, तो लागून गेला. बाकावर बसलो होतो ना, तेव्हाच.”

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, गोधडी पुरी झाली. दुसऱ्या दिवशी गावातील मंडळी खाडीला नारळ अर्पण करण्यासाठी धक्क्यावर निघाली, तेव्हा आम्हीही त्यांच्यामागून गेलो. सारू नातवाच्या हातातील दोरीला होता. कोळीणबाईंनी त्यास पाहून ओळख दिली. आम्हासही दिली, हे आम्ही विशेष मानतो.

गोधडीचा एक कोपरा सारूच्या दातांनी विरला होता. तेवढा भाग कापून टाकावा, असे आम्ही सुचविले. सौभाग्यवतींनी तेथे हिरव्या काठाचा त्रिकोणी तुकडा लाविला आणि सारखे दिसावे म्हणून उरलेल्या तीन कोपऱ्यांवरही लाविले. उत्तर कर्नाटकातील कारवार प्रांतात सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर असेच त्रिकोणी फूल लावतात. त्यावाचून गोधडी उघडी मानली जाते, असे आम्ही वाचले होते. ते सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांच्याही घरी पिल्ले असतील.”

भाद्रपदात नात झाली. ती त्या गोधडीवर निजते आणि खाटेखाली सारू निजतो. आता त्याचे दात पक्के झाले आहेत. आम्ही पुण्यास परत आलो, तरी दर रविवारी फोनवर आधी नातीची आणि मग त्याची खुशाली विचारतो. आणि घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली, म्हणजे कोणास काही बोलण्यापूर्वी प्रथम आमची स्वतःची पुस्तके झाडून पाहतो.